मिशाळ पिल्लांचं पाणी

त्या वर्षी भाद्रपदात आमच्या अड्यारच्या गल्लीला ब्लीचिंग पावडरीचा वास येत होता. एरवी तिथे पहाटे सडा घातलेल्या अंगणांचा, मग कॉफीच्या उतरत्या डिकॉक्शनचा आणि ऊन चढलं की कोपऱ्यावरच्या गजरेवालीच्या टोपलीचा, असे वास ठरल्या क्रमाने येत जात, आणि त्या शहरात नवखी असलेली मी घड्याळाकडे न पाहता नुसत्या नाकाने वेळ ओळखायला शिकले होते. पण चिकनगुनियाची साथ आली, घराघरांतली धडधाकट माणसं भिंती धरून चालू लागली, आणि एका सकाळी गटारांच्या कडेकडेने पांढऱ्या भुकटीच्या रेघा उमटल्या. तो तिखट वास उंबऱ्यावरून आत आला, पडद्यांत मुरला, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला. इतका की चारआठ दिवसांनी तो येतो आहे हेच आम्ही विसरलो. पुढे माझ्या घरात जे झालं त्यात या विसरण्याचा मोठा वाटा होता, म्हणून आधी त्या वासाविषयी सांगितलं.

साताऱ्याच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बरण्यांतले बेडूक, मेणाच्या ताटल्या, विद्यार्थ्यांची धांदरट बोटं, या सगळ्यांवर माझी करडी नजर असे, आणि ‘वसुधाबाई आल्या’ म्हटलं की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबे. मग शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पेरुंगुडीच्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि मी ती नजर, तो दरारा आणि कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा मागे ठेवून त्याच्या पाठोपाठ चेन्नईला आले. तो सकाळी कंपनीच्या बसने जाई तो दिवेलागणीनंतरच उगवे. मला तमिळ येत नव्हतं. भाजीवालीपुढे मी बोटांनी बोलत असे, आणि तीही दया येऊन बोटांनीच हिशेब सांगे. दिवसभर कुणाचंही आपल्यावाचून अडत नाही ही जाणीव मला झोंबत होती. अशाच एका रिकाम्या दुपारी मी काचेची टाकी विकत आणली आणि तिच्यात सहा कॅटफिश सोडले.

दुकानदार त्यांना ‘कोरी’ म्हणायचा. बोटाच्या दोन पेरांएवढे, तांबूस तपकिरी, अंगावर खवल्यांऐवजी एकावर एक चढलेल्या पट्ट्यांचं चिलखत, आणि तोंडाशी आखूड मिशा. पाण्याच्या वरच्या थरात मिरवणाऱ्या रंगीत माशांचा दिमाख त्यांच्यात नाही. ते आपले खाली मान घालून मिशांनी तळाची वाळू चाचपत हिंडतात, मध्येच सुर्रकन वर येऊन हवेचा एक घोट घेतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. आणि ते डोळा मिचकावतात. माशाला पापणी नसते हे मी वर्षानुवर्षं मुलांना बजावत आले होते. तरी यांचा डोळा खोबणीत क्षणभर खाली वळतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, आपल्याला काहीतरी गुपित कळवलं गेलं. आमच्या घरमालकीण अंबुजाअक्का तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या वास्तूत मासा कधी शिरला नव्हता. त्या जिना चढून आल्या, टाकीपुढे कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “शिजवावयाचे नाहींत ना? मग असूं देत की. पाहून चित्त निवतें.” पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती जुनी मराठी तमिळ हेलात ऐकताना मला हसूही येई आणि घरचीही आठवण होई.

माशांची पैदास करावी असं काही मी ठरवलं नव्हतं. एकदा संध्याकाळी गडगडाटी सर येऊन गेली, हवा निवली, मी टाकीत थोडं गार पाणी घातलं, आणि दुसऱ्या सकाळी काचेवर मधाच्या थेंबांसारखी अंडी चिकटलेली दिसली. मी कौतुकाने बघत बसले; दुपारपर्यंत आईबापांनीच ती फस्त केली. दुसऱ्या खेपेला मी बोटाच्या टोकाने एकेक अंडं सोडवून वेगळ्या टबात ठेवलं, तर तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर बुरशीची पांढरी लव चढली. माझ्यातली प्रयोगशाळेतली बाई आता चांगलीच दुखावली. तिसऱ्या खेपेला मी पदर खोचला. गल्लीच्या टोकाच्या बदामाच्या झाडाची गळून वाळलेली लालसर पानं धुऊन पाण्यात घातली, म्हणजे बुरशी सहसा धरत नाही. हवेचा बारीक पंप लावला. आणि तासातासाला भिंगातून बघू लागले. चौथ्या दिवशी टबाच्या पांढऱ्या तळाशी एक पापणीचा केस हलला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत मी एकतीस मोजले.

जन्मलेल्या पिल्लाच्या पोटाशी अन्नाची पिवळी पिशवी असते, ती दोन दिवसांत संपते आणि मग त्याची आणि आपली खरी परीक्षा सुरू होते. मिठाच्या पाण्यात उबवलेले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळंबीच्या जातीचे जीव त्यांना दिवसातून चार वेळा घालायचे. जास्त घातले तर तळाशी कुजून पाणी नासतं, कमी घातले तर पिल्लं उपाशी मरतात. दुपारी वीज जाई, पंप बंद पडे, आणि ती परत येईपर्यंत मी टबापाशी मांडी ठोकून बसे. तीन आठवडे मी कुठे गेले नाही, कुणाकडे जेवायला गेले नाही. शिरीष म्हणाला, “साताऱ्याहून सगळ्यांना बारशाला बोलावू का?” मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढे त्याने तो विषय काढला नाही. पिल्लं आता नखाएवढी झाली होती, त्यांना मिशा फुटल्या होत्या आणि डोळ्यांवरून काळी पट्टी उमटली होती. ती वाढली तर या शहरात येऊन मी काहीतरी केलं, असं मला स्वतःला सांगता येणार होतं. पणाला एवढंच लागलं होतं, आणि माझ्या दृष्टीने ते फार होतं.

या सगळ्याचा जीव होता पाण्यात. चेन्नईत पाणी लॉरीने येई, त्यात क्लोरीन असे, आणि माणसाला राखणारं ते क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. म्हणून मी गॅलरीत एक निळा ड्रम ठेवला होता, त्यातलं पाणी दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडून जाऊ देत असे, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता टबातलं निम्मं पाणी काढून औषधाच्या दुकानातून आणलेल्या सलाइनच्या नळीने नवं पाणी थेंबथेंब सोडत असे. त्याला तासभर लागे. पिल्लांना बदल कळताही कामा नये, असा माझा कटाक्ष असे.

आणि नेमके त्याच दिवसांत मामंजी आमच्याकडे राहायला आले. सासूबाई जाऊन सहा महिने झाले होते आणि एकट्याने राहणं त्यांना जमत नव्हतं, जरी ते तसं कधी म्हणाले नसते. मामंजींनी छत्तीस वर्षं कृष्णाकाठच्या एका गावात पाणीपुरवठा केंद्रावर नोकरी केली होती. नदीचं पाणी गावाला सोडण्यापूर्वी शुद्ध करायचं हे त्यांचं काम. टीसीएल, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडरच, पण पाणीपुरवठ्यातला माणूस तिला टीसीएलच म्हणणार. ती बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची स्वच्छ निवळी तेवढी पाण्यात सोडायची. अर्ध्या तासाने काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ओटी नावाच्या द्रवाचे थेंब टाकायचे. पाणी फिकट पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे, गाव निर्धास्त झोपू शकतं. ती ओटीची बाटली आणि नळ्यांची छोटी पेटी निवृत्तीनंतरही त्यांच्या पिशवीत असे. मला पाहायला आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी पत्रिकेआधी नळाचं तांब्याभर पाणी मागितलं होतं, आणि ते प्यायला नव्हे. पाणी पिवळं झालं, मग माझं लग्न झालं.

अशा माणसाला उघडा ड्रम कसा सहन व्हावा? आल्या दिवशीच त्यांनी त्यावर थाळी झाकली. मी म्हणाले, “मामंजी, माशांना क्लोरीन चालत नाही, उडून जावं म्हणून उघडं ठेवते.” त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि “हं” म्हणाले. संध्याकाळी थाळी पुन्हा ड्रमावर. मी ती काढून भिंतीला टेकवली. सकाळी ती परत जागेवर. सासऱ्यांशी भांडणं माझ्या वळणात बसत नव्हतं आणि सुनेला दोनदा सांगणं त्यांच्या. त्यामुळे आठवडाभर आमचं जे काही भांडण झालं ते त्या थाळीकरवीच झालं. जेवताना आम्ही गोडीगुलाबीने बोलत असू, ते वरणाला लागणारं मीठ आणि तिकडचा पाऊस यांविषयी. पाण्याविषयी, ज्यात आम्हा दोघांचाही जीव अडकला होता, आम्ही अवाक्षर काढत नव्हतो. दोन शहाणी माणसं एका घरात किती मूर्खपणा करू शकतात ते मी तेव्हा शिकले.

मग अंबुजाअक्का तापाने आडव्या झाल्या. त्यांचा मुलगा परगावी. संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं मी कबूल केलं. म्हणजे पाच वाजताचं पाणी बदलायला मी घरी नसणार. म्हणून मी ते काम दुपारी बारालाच उरकायचं ठरवलं. हे मी मामंजींना सांगितलं नाही, कारण सांगण्याचं काही कारण मला दिसलं नाही.

त्यांनीही मला सांगितलं नव्हतं. सकाळी त्यांना ड्रमात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या होत्या. खाली एक बाई तापाने कण्हते आहे आणि वर आपल्याच घरात डास पैदा होत आहेत, हे पाहून त्यांच्यातला छत्तीस वर्षांचा माणूस उठून उभा राहिला. त्यांनी अळ्या फडक्याने गाळून काढल्या, बादलीत टीसीएल कालवली, आणि निवळी ड्रमात सोडली. त्यातही त्यांचा हिशेब होता. सून पाणी पाचला बदलते. दिवसभराचं कडक ऊन ड्रमावर आहे, मधूनमधून ढवळत राहू. चारला ओटी टाकून पाहू, पिवळं नाही झालं तर सांगू, झालं तर ओतून टाकू. हिशेब चोख होता. तो सुनेच्या कानावर घालायचा तेवढा राहिला. मी न्हाणीघरात होते, आणि मग ते जेवून आडवे झाले.

बाराला दहा मिनिटं असताना मी नळी जोडायला घेतली, तेवढ्यात खाली पाण्याच्या लॉरीचा भोंगा वाजला. घागरी घेऊन धावायला हवं होतं. मी नळी बाजूला टाकली आणि ड्रमातलं पाणी मगाने टबात ओतलं, पाच-सहा मग, सरळ. तीन आठवड्यांत जे एकदाही केलं नव्हतं ते मी त्या दिवशी केलं. मोठ्या टाकीतही तेच पाणी चार बादल्या घातलं, तिचं पाणी आठवड्याने बदलायचा तो दिवस होता म्हणून. वास आला का? आला असेल. पण तो तर त्या महिन्यात सगळीकडूनच येत होता.

भरलेल्या घागरी वर आणेपर्यंत वीज गेली होती, पंखा थांबला होता आणि गल्लीत ती विशिष्ट शांतता पसरली होती जिच्यात लांबच्या घरातलं भांडं पडलेलंही ऐकू येतं. मी टबात डोकावले. पिल्लं वर धावत होती. कोरीचं पिल्लू हवेसाठी वर येतं यात नवल नाही. पण ही सगळी एकदम, पुन्हा पुन्हा, पृष्ठभागावर आपटत होती, खाली जाऊन गरगर फिरत होती, आणि त्यांतली दोन कुशीवर पडून कल्ले फाकत होती. मला वाटलं, पंप बंद पडलाय, हवा कमी पडली. मी कॉफीचा पेला आणि त्याच्या जोडीची खोलगट वाटी, म्हणजे डबरा, घेतला आणि इथे कॉफी जशी उंचावरून खालीवर करतात तसं टबातलं पाणी खालीवर करू लागले. हात भरून आले. आणखी चार कुशीवर पडली. मोठ्या टाकीतले सहाही मासे हवा घ्यायला वर खेपा घालत होते. म्हणजे हवा नव्हे; पाणी. मी गॅलरीत गेले. ड्रमामागे एक बादली होती आणि तिच्या तळाशी पांढरा गाळ वाळत होता.

मी मामंजींच्या खोलीत शिरले. त्यांना उठवायची ही रीत नव्हे, एवढंही भान मला उरलं नव्हतं.

“ड्रममध्ये काय टाकलंत?”

ते दचकून उठून बसले. “निवळी. थोडीच. पाचपर्यंत उडून जाईल, मी तपासणार होतो…”

“मी आत्ताच घातलंय ते पाणी! मारलंत तुम्ही त्यांना. मामंजी, मारलंत!”

मी हे ओरडून म्हणाले. पाणी माझ्या हाताने पडलं होतं, नळी सोडून मग मी उचलला होता; थेंबथेंब सोडलं असतं तर पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं असतं आणि हात थांबवता आला असता. हे सगळं मला त्या क्षणीही ठाऊक होतं, आणि म्हणूनच बहुधा मी एवढ्या मोठ्याने ओरडले. मामंजींचा चेहरा पांढराफटक पडला. खाटेच्या दांडीवर एक हात टेकून ते उठले. मग त्यांनी विचारलं, “इथे जवळ फोटो स्टुडिओ कुठे आहे?”

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू? मी हाताने दिशा दाखवली आणि टबाकडे पळाले. दार वाजल्याचा आवाज आला. मी पेला आणि डबरा पुन्हा हातात घेतला. पिण्याच्या पाण्याचा कॅन रिकामा होता, नवा संध्याकाळी येणार होता. माशांच्या दुकानात क्लोरीन मारायचं औषध मिळतं, पण ते दुकान दोन बस बदलून गाठायचं होतं. काहीच हाताशी नव्हतं. मी पाणी उंचावरून ओतत होते आणि मोजत होते: नऊ कुशीवर, बारा कुशीवर. टबाच्या पांढऱ्या तळावर ती पडली की त्यांच्या पोटाचा गुलाबी रंग दिसे. मी रडत नव्हते. मला इतका राग आला होता की रडूच येत नव्हतं.

मामंजी परत आले ते अनवाणी, लेंगा आणि बनियनवर, घामाने निथळत. मुठीत वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. तिच्यात खडीसाखरेसारखे पारदर्शक खडे होते. “हायपो,” ते धापा टाकत म्हणाले. “फोटो धुवायला लागतं. पाण्याचा नमुना तपासायला पाठवतो ना, त्या बाटलीत आधीच हे घातलेलं असतं. क्लोरीन मारतं.” पुढे अक्कांकडून कळलं, की स्टुडिओवाल्याने त्यांना पासपोर्टच्या फोटोसाठी आलेलं गिऱ्हाईक समजून बाकावर बसवलं होतं आणि निदान सदरा घालून या असं खुणेने सुचवलं होतं. पण ‘हायपो’ हा शब्द फोटो धुणाऱ्याला कुठल्याही मुलखात कळतो.

त्यांनी पेटी उघडली. टबातलं पाणी नळीत घेतलं, ओटीचे थेंब टाकले. नळी पिवळीधमक झाली. त्यांच्या तोंडून “अरे अरे” एवढंच निघालं. खड्याचा कण मगात विरघळवून त्यांनी चमच्याने एका कोपऱ्यात सोडला; मी हाताने हलकेच पाणी फिरवलं. दुसरी नळी, पिवळी. पुन्हा चमचा. तिसरी नळी लिंबाच्या सरबताएवढी फिकी. चौथी मला स्वच्छ वाटली आणि मी सुस्कारा टाकला. मामंजींनी ती उजेडाकडे धरली, मागे आपल्या बनियनचं पांढरं कापड धरलं आणि मान हलवली. “आहे अजून.” मला काहीच दिसत नव्हतं. त्या डोळ्यांना तो पिवळा दिसत होता, कारण छत्तीस वर्षं, रोज दोन वेळा, हा रंग यावा म्हणून ते नळीकडे टक लावून बघत आले होते; आणि आज तो जावा म्हणून त्यांचे ओठ हलत होते. पाचव्या नळीला ते म्हणाले, “गेलं.” मग त्याच क्रमाने मोठी टाकी. तिथे पाणी जास्त होतं, जुन्या पाण्यात नवं मिसळलेलं होतं. ते सहाही मासे वाचले.

पिल्लांचं काय होणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कल्ले एकदा जळले की पाणी निर्मळ होऊनही त्यांतून काही मरतच राहतात. हे मला शिकवायला कुणी नको होतं. वीज आली, पंप घुरघुरू लागला. आम्ही दोघं टबाच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. साडेचारला मी साडी बदलून अक्कांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून त्या तापलेल्या आवाजात म्हणाल्या, “राव उन्हांत अनवाणी कोठें धांवत होते गे? मीं खिडकींतून पाहिलें. त्या वयास असें धांवूं नये. कोणास काय झालें?” मी म्हणाले, “काही नाही अक्का, औषध आणायला गेले होते.” त्या दवाखान्यात लाकडी बाकावर, सांधे धरून बसलेल्या माणसांच्या गर्दीत, मला पहिल्यांदा माझ्याच तोंडचं ‘मारलंत तुम्ही त्यांना’ हे वाक्य परत ऐकू आलं आणि शरम वाटली.

परतले तेव्हा ऊन कललं होतं, टबावर खिडकीतून तांबूस प्रकाश आला होता आणि त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. अकरा हलत होती. बाकीची तळाशी होती. मी पुन्हा मोजली. अकरा.

मामंजी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी जवळ गेले. “मामंजी, दुपारी मी जे बोलले…”

“बरोबर बोललीस,” ते म्हणाले. ते रस्त्याकडे बघत होते. “एका उन्हाळ्यात आमचं टीसीएल संपलं. मागणी पाठवली होती, माल आला नव्हता. गावाला पाणी नाही असं कसं म्हणायचं? मी दोन दिवस तसंच सोडलं. वाटलं, दोन दिवसांनी काय होतंय. खालच्या आळीत गॅस्ट्रो झाला. सात माणसं गेली. तीन लहान होती त्यात. चौकशीबिवकशी काही झाली नाही. गावात कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. तुझ्या सासूलाही मी सांगितलं नाही. इतकी वर्षं मी वाट बघत होतो, कुणीतरी म्हणेल. आज तू म्हणालीस.”

खाली गजरेवाली ओरडत गेली. मी एकतीस नखाएवढ्या माशांसाठी बोलले होते, माझ्या मोडलेल्या दिमाखासाठी बोलले होते, आणि ते शब्द माझ्या नकळत त्या दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच उन्हाळ्यात जाऊन पोचले होते. आता ते परत कसे आणायचे? त्यांच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. डांबरी रस्त्याने तळव्यांना फोड आले होते.

“किती गेली?” त्यांनी विचारलं.

“पाच,” मी म्हणाले. “पाच गेली मामंजी. सव्वीस आहेत.”

त्यांनी डोळे मिटले. “सव्वीस,” ते म्हणाले, आणि खुर्चीच्या पाठीला त्यांनी डोकं टेकलं. मी बर्नोल आणायला आत गेले आणि जाता जाता टबावर एक फडकं टाकलं. तळाशी पडलेली पिल्लं मी नळीने ओढून काढली आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. मोजली नाहीत.

सकाळी मी उठले तेव्हा मामंजी अंघोळ करून टबापाशी पाटावर बसले होते. उन्हाची तिरीप सरळ टबात पडली होती. पांढऱ्या तळावर प्रत्येक पिल्लाची सावलीसुद्धा दिसत होती. अकरा पिल्लं आणि अकरा सावल्या, दहा वर्षांच्या पोरानेही चुकू नये इतकं लख्ख.

“सव्वीस आहेत,” मामंजी टबावरची नजर न काढता म्हणाले. “दोनदा मोजली मी.”

“हो,” मी म्हणाले.

मग ते तिथेच बसून राहिले, म्हणून मला त्यांच्यासमोर सव्वीस पिल्लांपुरतं खाणं मोजून घ्यावं लागलं आणि ते सगळं टबात सोडावं लागलं. अकरांना ते संपणार नव्हतं. दुपारपर्यंत तळाशी कुजलं असतं. मी मनाशी ठरवलं, मामंजी झोपले की नळीने गुपचूप काढून टाकू. जेवणं झाली, वीज गेली, त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं तशी मी दबकत टबापाशी आले. तळ लख्ख होता. उरलेला कणन्‌कण आधीच कुणीतरी काढून टाकला होता, आणि सलाइनची नळी धुऊन, निथळायला, खिळ्यावर अडकवून ठेवली होती.